दोनशे अकरा खडस

योगेश: ...ते सगळं ठीक आहे, पण याच्या शेपटीला हा लाल दोरा कुणी बांधला? नवस बोललंय का कुणी माशाला?

नाथा: आधी फोटो काढा, शेठ. मासा जास्त वेळ पाण्याबाहेर ठेवायचा नाही. क्लबचा नियम आहे. बोर्डावर तुमच्याच फोटोखाली लिहिलाय.

योगेश: फोटो कसा काढू? दोरा दिसतोय. लोक म्हणतील, मासा लग्नाला निघालाय.

नाथा: मग नुसता मुका घ्या आणि सोडा. मुका न घेता सोडला तर खडस रुसतो म्हणे.

योगेश: सकाळी सकाळी टोमणे नकोत, नाथाभाऊ. पाटीवर लिहा. दोनशे बारा.

नाथा: दोनशे अकराच राहू द्या.

योगेश: का? हा माझ्या हातात आहे तो काय आहे, चप्पल?

नाथा: खडसच आहे. चांगला चार किलोचा आहे. पण काल सकाळी तो माझ्या हातात होता.

योगेश: काल?

नाथा: काल तुम्ही नाशिकला मासेमारी खात्याच्या साहेबांकडं बसला होता. मी इथून फोन केला, आज पाच लागले. तुम्ही तिथून ग्रुपवर टाकलं, खाली सगळ्यांनी अंगठे दाखवले. त्या पाचातला हा एक. सोडा आता त्याला, तोंड बघा कसं करतोय.

योगेश: सोडला. गेला. आता नीट सांगा, काय भानगड आहे?

भागीबाई: चहा घे, शेठ. हात धू आधी, मासा धरलास तू.

योगेश: मावशी, हे तुमच्या पाड्यावरच्या कुणाचं काम आहे का? हे दोरे?

भागीबाई: दोरा माझा हाय. बांधला नाथाभाऊनी. पोलक्याच्या शिलाईला रीळ आणला होता मी हरसूलच्या बाजारातून. आता आणतो बोलला नि घेऊन गेला. चार दिवस झालं.

नाथा: आणतो म्हणजे काय, भागीबाई, इथंच आहे. तुमच्यासमोर डोहात फिरतोय.

योगेश: तुम्ही बांधले? नाथाभाऊ, तुम्ही? अहो, लोक आपल्याकडं बघून शिकतात. माशाला इजा करायची नाही म्हणून आपण काटेरी गळसुद्धा वापरत नाही.

नाथा: इजेचं राहू द्या. दोरा सैल बांधलाय, महिन्याभरात कुजून पडेल. ही तार बघा. ही कुजत नाही.

योगेश: काय आहे हे?

नाथा: गळ आणि वर पिळलेली तार. पीळ बघा कुठल्या बाजूला आहे.

योगेश: मला काय कळतंय त्यातलं?

नाथा: डावीकडं आहे. ओझरला जन्म गेला माझा विमानाच्या नटबोल्टांना तार पिळण्यात. मी डावखुरा. सुपरवायझर म्हणायचा, नाथा, बांधणी पक्की आहे पण पीळ उलटा पडतो तुझा, विमान उलटं उडेल एखादं. ही सवय हातात राहिली. आपल्या क्लबात बाकी सगळे विकतचे गळ लावतात, पुडीतले, जपानी. असला उलटा पीळ फक्त माझा. आणि गळ खोल रुतला की आपण काढत बसत नाही, दोरी कापून मासा सोडतो.

योगेश: बरं मग?

नाथा: गेल्या आठवड्यात एक खडस काढला. ओठात आधीचा गळ अडकलेला. उलटा पीळ. मी म्हटलं, असेल, हा परत आला असेल बिचारा. दुसरा काढला, त्याच्या ओठात माझे दोन. तिसऱ्याचा तर ओठच राहिला नव्हता. भोकं पडून पडून चाळणी झाली होती. त्या रात्री जेवण गेलं नाही मला. सकाळी भागीबाईकडून दोरा घेतला.

योगेश: आणि?

नाथा: आणि जो लागेल त्याला बांधत गेलो. पहिल्या दिवशी पाच बांधले. दुसऱ्या दिवशी आठ लागले, त्यातले पाच आधीच दोरेवाले, तीन नवे. तिसऱ्या दिवशी एकच नवा. काल पाच लागले, पाचही दोरेवाले. आज तुमचा पहिला, तोही दोरेवाला.

योगेश: म्हणजे तुमचं म्हणणं काय?

नाथा: पाच, तीन आणि एक, शेठ. नऊ. तुमच्या रिसॉर्टच्या कमानीवर लाइटच्या आकड्यात दोनशे अकरा लिहिलंय ना, ते नऊ मासे आहेत. आपण त्यांना पकडतो, मुका घेतो, सोडतो, पाटीवर एक वाढवतो. परत त्यांनाच पकडतो, परत एक वाढवतो. एखाद्यानं घरातली माणसं दारातून गोल गोल फिरवायची आणि म्हणायचं, आमच्याकडं केवढी वर्दळ असते.

योगेश: हे काहीही आहे. एवढा मोठा डोह, धरणाचं पाणी पार इथपर्यंत येतं. खाली तळाला किती असतील कुणी बघितलंय? सगळेच थोडी गळाला येतात.

नाथा: हे मात्र बरोबर बोललात. म्हणून मी चारी बाजूंनी टाकले. वर टाकले, तळाला टाकले, कणीक लावली, खेकडा लावला, उंबर लावलं. नऊच्या जागी बारा असतील. पंधरा म्हणा. तुमच्या समाधानासाठी वीस म्हणू. पण दोनशे अकरा म्हणायला माझी जीभ वळायची नाही.

योगेश: दोन महिन्यांपूर्वी चॅनलवाल्यासमोर कशी वळली मग? "या डोहात खडस कमी नाहीत, आपली नजर कमी पडते." कोण बोललं होतं? क्लिप आहे माझ्याकडं.

नाथा: मी बोललो. छान बोललो. टोपी तुम्ही दिली होती, वाक्यही तुम्हीच दिलं होतं. मला वाटलं, दोन्ही माझ्या मापाचं आहे.

भागीबाई: मला कळंना शेठ, एक इचारू?

योगेश: विचारा.

भागीबाई: तीन सालं झाली, तूच बोर्ड लावला ना इथं? खडस संपत आला, डोहात कोणी उतरायचं नाय, जाळं टाकायचं नाय. तूच पाड्यावर येऊन भाषण केलंस. तुझ्या सदऱ्यावर माशाचं चित्र होतं.

योगेश: हो, मावशी. मासा वाचायला पाहिजे म्हणूनच केलं ना. आणि बघा, वाचला.

भागीबाई: नऊ वाचला.

योगेश: ते यांचं गणित आहे.

भागीबाई: मंग माझ्या घरवाल्याला का नेला? त्याचं जाळं बारीक मासळीचं. मळ्या, झिंगं, भाकरीबरोबर खायला. त्यात एक खडस घुसला, त्यात त्याचा काय दोष? पाच माणसं आली सरकारी गाडीतून. एका माशाला पाच माणसं. जाळं घेऊन गेली, अजून दिलं नाय. तारखेला त्याला नाशिकला जावं लागतं, जातानी भाकरी बांधून देते मी. आणि आता तू म्हणतोस, खडस लय झालाय.

योगेश: मावशी, कायदा असतो. तेव्हा कमी होता, आता वाढला. वाढला म्हणूनच आज साहेब येतायत. ते बघतील, बंदी उठेल. तुमचाच फायदा आहे. तुमच्या झिपरूलासुद्धा परत जाळं टाकता येईल.

नाथा: कुठं टाकेल? तुमच्या मेव्हण्याच्या जाळ्याच्या आत की बाहेर?

योगेश: चंदरचा इथं काय संबंध?

नाथा: बंदी उठली की डोहाचा ठेका निघणार. ठेका चंदरशेठना मिळणार, हे साहेब यायच्या आधी सगळ्या पेठ रस्त्याला माहीत आहे. त्यांचं महाजाळ मागच्या बुधवारीच येऊन पडलंय तुमच्या गॅरेजमध्ये. निळं, नवं कोरं, अजून प्लॅस्टिक काढलं नाही. मनोजनं उतरवून घेतलं ते. माझ्याच पोरानं.

योगेश: व्यवसाय आहे तो त्याचा. आणि खडस सोडूनच मासेमारी करणार आहेत. अटच आहे तशी.

नाथा: हो का? जाळ्याला दाखवली का ती अट? वाचता येतं का त्याला?

योगेश: नाथाभाऊ, तुम्हाला आठवतं, आपण डहाणूला गेलो होतो? समुद्रात मासेमारी करायची म्हणून?

नाथा: आठवतं. बोट किनाऱ्यापासून सुटली आणि सगळा क्लब कठड्यावर ओणवा झाला. माशांना आपण आमिष टाकलं की जेवण, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

योगेश: हसा. पण तेव्हा परत येताना कसाऱ्याच्या घाटात मी म्हटलं होतं, नाशिकला समुद्र नाही तर नाही, आपण धरणालाच आपला समुद्र करू. तेव्हा आपण सात जण होतो. आज चारशे मेंबर आहेत. पुण्या-मुंबईची माणसं येतात गळ टाकायला. पुढच्या महिन्यात खडस महोत्सव आहे. हे सगळं मी उभं केलं. कशावर? त्या आकड्यावर. लोक आकडा बघून येतात. नऊ मासे बघायला कोण येणार आहे पेठ रस्त्याला?

नाथा: कुणी नाही. मुंबईत काचेच्या पेटीत जास्त असतात.

योगेश: मग?

नाथा: मग काही नाही. दुपारी साहेब येतील. ते मला विचारणार, नाथाभाऊ, इथं जास्त गळ तुम्हीच टाकता, किती खडस आहेत? मी सांगणार, नऊ.

योगेश: असं नाही सांगायचं.

नाथा: कसं सांगायचं? नऊ, पण मनानं खूप मोठे?

योगेश: हे बघा, मी तुम्हाला आजपर्यंत कधी बोलून दाखवलं नाही. मनोज माझ्याकडं मॅनेजर आहे. ओझरच्या त्या कंपनीतून कमी केलं तेव्हा पोरगा आठ महिने घरी बसून होता. तुम्ही माझ्याकडं आलात. मी एका शब्दानं विचारलं नाही, काय येतं तुझ्या पोराला. क्वार्टर दिलं. तुमच्या सुनेला, भाग्यश्रीला, पोरीच्या शाळेसाठी गाडी दिली. चंदर मला रोज म्हणतो, हा माणूस कशाला ठेवलाय, त्याच्या जागी आपला माणूस बसव. मी म्हणतो, नाथाभाऊचा मुलगा आहे, राहू दे. बरोबर?

नाथा: बरोबर.

योगेश: मग बोला.

नाथा: काय बोलू? बोलून झालं तुमचं सगळं. इतका वेळ मी गळ कुठं रुतलाय ते बघत होतो. आता कळलं.

भागीबाई: नाथाभाऊ, तुझी नात ना ती? दोन वेण्यांची? येते कधी कधी माझ्याकडं, झिंगं बघायला.

नाथा: सृष्टी. हो.

योगेश: मी काही वाईट माणूस नाही, मावशी. मी फक्त म्हणतोय, आज गप्प बसा. खोटं बोलू नका, फक्त गप्प बसा. साहेबांना हवा आहे एक मासा, हातात धरून फोटो. त्यांना गळ टाकायची हौस आहे. मी त्यांच्यासाठी नवा रॉड काढून ठेवलाय. एक खडस लागला की ते खूश, सही झाली, संपलं. फक्त...

नाथा: फक्त काय?

योगेश: हे दोरे. साहेबांच्या माशाला दोरा निघाला तर विचारणार. दोरे काढायला पाहिजेत.

नाथा: दोरे पाण्यात आहेत, शेठ.

योगेश: मग पकडा. पलीकडच्या तंबूतल्या सगळ्यांना उठवा, दहा रॉड टाका पाण्यात. लागला की दोरा कापायचा आणि सोडायचा. मुका नको, फोटो नको, वेळ नाही.

नाथा: सगळ्यांचे?

योगेश: सगळ्यांचे.

नाथा: दुपारपर्यंत सगळे सापडतील?

योगेश: का नाही सापडणार? नऊच तर आहेत.

भागीबाई: शेठ, चहा निवला तुझा.

योगेश: ...असू दे.

नाथा: आता हेच वाक्य साहेबांसमोर म्हणा. मी गप्प बसतो.

योगेश: शब्दात पकडू नका मला. उठा, मंडळींना सांगा.

नाथा: मी नाही सांगत. तुमचा क्लब, तुमचे रॉड. मी बसतो इथं. गप्प बसायचंच आहे तर आत्तापासून सराव करतो.

(दुपार. खाली काठावर मोठी छत्री रोवली आहे, छत्रीखाली साहेब आणि क्लबची मंडळी. वर चुलीपाशी नाथा बसला आहे, भागीबाई भाकरी थापते आहे. योगेश खालून धापा टाकत वर येतो.)

योगेश: नऊच्या नऊ कापले. शेवटचा साहेबांची गाडी दिसेपर्यंत चालला होता. बघा, सगळे दोरे खिशात आहेत.

भागीबाई: दे इकडं. माझे हायत.

योगेश: घ्या, मावशी. साहेब मूडमध्ये आहेत. मी दोन मिनिटांत येतो सांगून आलोय. नाथाभाऊ, त्यांनी तुमचं नाव काढलं. टीव्हीवर बघितलंय म्हणाले. मी सांगितलं, त्यांना ऊन लागलंय, सावलीला बसलेत.

नाथा: बरं केलं.

योगेश: आले इकडं तर नमस्कार करा, हसा, एवढंच. विचारलं तर म्हणा, साहेब, तुम्ही स्वतःच बघताय की. हे तर खोटं नाही ना?

नाथा: नाही. हे अगदी कायद्यात बसतं.

योगेश: मनोजशी बोललात का?

नाथा: नाही. काय बोलायचं? बाबा रे, तुझ्या पगारात नऊ मासे आहेत?

भागीबाई: शेठ, तुझ्या साहेबाच्या काठीला वाक आला बघ.

योगेश: लागला? लागला. बघा, पंधरा मिनिटं नाही झाली टाकून. आणि हे म्हणतात मासे नाहीत. कसा ओढतोय, बघा, मोठा दिसतोय.

भागीबाई: तो मोठा मघाशी तिघांनी ओढला. दमला असंल.

योगेश: दोरा दिसतोय का, मावशी? तुमची नजर चांगली आहे.

भागीबाई: नाय. दोरा नाय.

योगेश: झालं. सुटलो. आता फोटो, मग जेवण, मग सही. नाथाभाऊ, मोकळ्या मनानं सांगतो, महोत्सवात तुमचा सत्कार करणार आहे मी. शाल, श्रीफळ, आणि एक चांगला रॉड. मनोजचा पगारही... नाथाभाऊ? चप्पल कशाला घालताय?

नाथा: खाली जाऊन येतो.

योगेश: कशाला? आत्ताच ठरलं ना आपलं. गप्प बसायचं ठरलं.

नाथा: गप्पच आहे. सकाळपासून तुम्ही दोरे कापत होता, शेठ, तेव्हा मी बघत होतो. दोरे शेपटीला होते, म्हणून सगळ्यांनी शेपट्याच धरल्या. तोंडाकडं कुणी बघितलंच नाही.

योगेश: तोंडात काय आहे?

नाथा: साहेबांच्या हातात जो मासा आहे, त्याच्या ओठात माझी तार आहे. उलट्या पिळाची. एक असेल, दोन असतील. मी आपला माझा गळ मागायला जातोय.

योगेश: त्यांना काय कळणार त्यातलं?

नाथा: ते विचारतील, हा तुमचा कसा? मग मी सांगेन, कसा माझा. मग ते विचारतील, किती माशांच्या तोंडात आहे? हिशेब त्यांनाच करू दे. शिकलेला माणूस आहे.

योगेश: मनोजचा विचार करा, नाथाभाऊ. सृष्टीचा करा.

नाथा: तोच करत बसलो होतो भाकरीच्या धुरात. डोळ्यांना पाणी त्याचंच आहे. मनोजला मी आधी एकदा आठ महिने घरात बसलेला बघितलाय. जेवायचा, भांडायचा, टीव्ही बघायचा. जिवंत होता.

योगेश: तुम्ही खाली गेलात की मी त्याला फोन लावणार. आत्ता, इथून. मी गंमत करत नाही.

नाथा: लावा. त्याला म्हणावं, गॅरेजमधल्या त्या जाळ्याचं प्लॅस्टिक काढू नको. आणि म्हणावं, गाडी गेली तर सृष्टीला शाळेतून आणायला आजोबा चालत जातील.

भागीबाई: थांब, नाथाभाऊ. तवा उतरवते नि मी बी येते.

नाथा: तुम्ही कशाला, भागीबाई? उगाच तुमच्यावर येईल.

भागीबाई: तू तुझा गळ माग. आमचं जाळं राहिलंय त्यांच्याकडं.